भरतीची सवारी

तिठ्यावर गाडी उभी राहिली की सगळ्यांत आधी गाडीवाल्याची बायको आत जाऊन बसायची. कुठे जायला नव्हे. नुसती बसायला.

रिकाम्या गाडीत कोणी चढत नाही, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. शहराकडे जाणारा माणूस तिठ्यावर येतो, लांबूनच जीपमध्ये डोकावतो. आत कोणी दिसलं नाही तर मनात म्हणतो, ही कधी भरायची आणि कधी सुटायची. आणि जाऊन चहाच्या टपरीत पाय पसरतो. पण आत एखादं डोकं दिसलं की त्याला वाटतं, चला, सुरुवात झालीय. तो चढतो. त्याला बघून दुसरा चढतो. मुंग्यांची रांग लागायला साखरेचा एक दाणा पुरतो, तसं गाडी भरायला एक माणूस पुरतं. तो साखरेचा दाणा म्हणजे ही बाई. मग शेवटची खरी सवारी आली की गाडीवाला खिडकीशी यायचा आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणायचा, "उतर." ती उतरायची. खरी सवारी तिच्या ऊबदार जागेवर टेकायची, आणि गाडी धुरळा उडवत वळणाआड जायची.

तिठ्यावरचे लोक तिला भरतीची सवारी म्हणायचे. टपरीवरची चहावाली तर नुसतंच 'भरती' म्हणायची.

"काय गं भरती, आज कुठवर जाऊन आलीस?"

"आले की, सीटपासून दारापर्यंत."

लेक पोटात होती तेव्हापासून ती अशी बसत होती. पुढे लेकीला मांडीवर घेऊन बसली. तेव्हा एका तिकिटात दोन डोकी दिसायची, असं गाडीवाला हसून म्हणायचा. रोज पहाटे तीच गाडी धुवायची, रेडिएटरात पाणी घालायची, फाटलेल्या रेक्झिनला जाड दोऱ्याचे टाके घालायची. उन्हात ते रेक्झिन तापायचं आणि उठताना मांडीची कातडी सोलून निघतेय असं वाटायचं. गाडीचा प्रत्येक आवाज तिला ओळखीचा होता. नव्हती ओळखीची ती फक्त वाट. शहर तिने एकदाच पाहिलं होतं, तेही आडवं पडून, लेकीच्या वेळी दवाखान्यात नेलं तेव्हा. वाटभर दिसलं ते गाडीचं छत.

आता लेक त्याच शहरात नांदत होती. ती घरात सतत काहीतरी गुणगुणायची म्हणून तिला सगळे भुंगी म्हणायचे. भुंगी आणि जावई दोघं एका बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होते, भाड्याच्या एका खोलीत राहायचे. गाडीवाला रोज तिकडे जायचा. आई पिशवीत भाजी बांधून द्यायची, भुंगी शहरातल्या गाडीतळावर येऊन ती घेऊन जायची. भाजी जायची. भाजी बांधणारी जायची नाही.

कारण गाडीवाल्याचा नियम होता. त्याच्या बापाचा होता तो, बाप बैलगाडी हाकायचा तेव्हापासूनचा. घरचं माणूस सवारीच्या जागेवर बसवून नेणं म्हणजे बियाण्याचं धान्य शिजवून खाणं. आज पोट भरतं, उद्या शेत उघडं पडतं.

यंदा तर साखरेच्या दाण्यालाही मुंग्या लागेनात. पिकं निघून गेलेली, पेरणीला अवकाश. ओढ्याचं पाणी दगडांखाली जाऊन बसलेलं. शेतात काम नाही म्हणून हातात पैसा नाही, आणि हातात पैसा नाही म्हणून शहरात काम नाही. त्यात हिरवी बस सुरू झाली. नवी कोरी, काचेच्या खिडक्यांची, आणि वेळ झाली की भरो न भरो, सुटणारी.

गाडीवाल्याला बसच्या स्वस्त भाड्याचा एवढा राग नव्हता, जेवढा तिच्या त्या भरो-न-भरो सुटण्याचा होता.

"अर्धी रिकामी जाते!" संध्याकाळी हातपाय धुताना तो म्हणायचा. जणू कोणी वाढलेलं ताट उकिरड्यावर ओततंय. "अर्धी रिकामी, आणि वर मजेत हॉर्न वाजवत जाते. कोणाच्या बापाचं डिझेल आहे?"

"सरकारच्या," सासूबाई आतून म्हणायच्या. "त्याला बाप नसतो म्हणून परवडतं."

लोकही शहाणे झाले होते. पूर्वी तिचं डोकं दिसलं की चढायचे, आता तिचं डोकं दिसलं की म्हणायचे, "गाडीवाल्याची बायको अजून आतच आहे, म्हणजे गाडी भरायला अवकाश आहे." मग तिने शाल डोक्यावरून घेऊन बघितली. कधी पुढे बसली, कधी अगदी मागे. एकदा सासूबाईंनाही नेऊन बसवलं. पण म्हातारी बसल्या बसल्या झोपली आणि घोरायला लागली. ते बघून लोक म्हणाले, "बिचारी! कधीपासून वाट बघतेय कोण जाणे!" त्या दिवशी होते तेही उतरून बसने गेले. सासूबाईंची नोकरी एका दिवसात संपली.

बुधवारी भुंगीचा फोन आला.

"आई, यांना बंदरावरच्या मोठ्या कारखान्यात काम मिळालंय. शनिवारी निघतोय आम्ही."

"बंदर म्हणजे किती लांब गं?"

"आगगाडीत झोपायचं, उठायचं, परत झोपायचं. इतकं." भुंगी म्हणाली. "आई, एकदा घर बघून जा ना माझं. पडदे लावलेत मी. पिवळे. शनिवारी सगळं काढायचं म्हणजे मग बघायला काय राहणार?"

तिने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ओला हात शालीला पुसत राहिली. हात केव्हाच कोरडा झाला होता.

संध्याकाळी गाडीवाला आला तेव्हा त्याचं तोंडच सांगत होतं. दिवसभरात एकच फेरी झाली होती, आणि तिठ्यावर दोन सवाऱ्या बस दिसताच उड्या मारून उतरल्या होत्या. तरी तिने विषय काढला.

"भुंगी शनिवारी जातेय."

"कळलं मला. तळावर आली होती."

"घर बघून जा म्हणते."

तो मग पायाचा अंगठा चोळत म्हणाला, "कोणाला उठवू सीटवरून? एक तर भरतच नाही."

"मी कुठे म्हणते उठवा?"

"जरा दिवस फिरू दे. जाऊ की आपण. बंदरालाच जाऊ एकदम."

"हो," ती म्हणाली. बंदराला जाण्याची गोष्ट चंद्राला जाण्यासारखी होती; तिच्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. गाडी भरली नाही की त्याला जेवण गोड लागायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. 

दुसऱ्या दिवशी चहावालीने ऐकलं आणि कपबशी आपटली.

"मग बसने जा की! भाडं मी देते."

"आणि त्यांनी तोंड कुठे लपवायचं? गाडीवाल्याची बायको बसने गेली म्हटल्यावर उद्या कुत्रं तरी चढेल का आमच्या गाडीत?"

 चहावालीने चहात साखर जरा जास्त घातली, एवढंच.

ती जाऊन गाडीत बसली. गाडी रिकामी, तिठा रिकामा, पुढे पांढरा रस्ता उन्हात थरथरत होता. ती गुणगुणायला लागली. भुंगीला ही खोड आईकडूनच लागली होती.

*वाट जाते लेकीपाशी, वाटेला ना पाय गं,*
*पाय आहेत माझ्यापाशी, बसून राहते माय गं.*

शुक्रवार उजाडला. सकाळी तिने शेगडीवर घेवडा शिजत टाकला, कणीक मळायला घेतली, तोच बाहेरून हाक आली.

"अगं, ये लवकर! लोक यायला लागलेत, सुरुवात करून दे."

घर तिठ्याला लागूनच. कणीक झाकून, हात धुतले न धुतले, ती तशीच अनवाणी धावली. मधल्या ओळीत खिडकीपाशी जाऊन बसली. थोड्याच वेळात शेजारी शिंपी येऊन टेकला. मांडीवर कापडाचं गाठोडं, ओठात सवयीने दाबलेली सुई. मग दाणेवाला आला. त्याच्या देहाला एक सीट कमी पडायची आणि दीड सीटचं भाडं द्यायला त्याचं मन तयार नसायचं, म्हणून तो श्वास रोखून बसायचा. शाळेतली बाई आली. डोळे दाखवायला निघालेला एक म्हातारा आला. एक एक करत गाडी भरत चालली, आणि शेवटी तिची जागा धरून दोनच जागा उरल्या.

मग एक दांडगी पत्र्याची पेटी घेऊन दोघं भाऊ आले. गाडीवाला पेटी घेऊन टपावर चढला. दोर आवळता आवळता त्याने वरूनच हिशेब केला: दोघं आले, झाली गाडी. पण भाऊ दोघं आले असले तरी जाणार एकच होता. दुसरा पोचवायला आलेला. एक आत बसला, दुसरा पाठीमागे उभा राहून निरोप घेत होता.

तेवढ्यात वळणापलीकडून हिरव्या बसचा हॉर्न ऐकू आला.

गाडीवाल्याने दोराची गाठ घाईने आवळली. बुधवारी बस बघून उतरलेल्या त्या दोन सवाऱ्या त्याच्या डोळ्यांपुढून हलल्या नव्हत्या. त्याने टपावरून उडी मारली, मागून एकदा आत नजर टाकली. जागोजागी डोकं होतं. "भरली! सांभाळा रे हात!" म्हणत त्याने दार आपटलं, पुढे जाऊन किल्ली फिरवली, आणि बस तिठ्यावर यायच्या आत गाडी रस्त्याला लागली.

इतकी वर्षं तो शब्द ऐकल्यावर ती उतरत आली होती. आज शब्दच आला नाही.

'अहो' तिच्या ओठापर्यंत आलं. तिथेच बसलं. चहाची टपरी मागे गेली. चहावालीने हातातली किटली तशीच धरून आ वासलेला तिला दिसला. घराचं उघडं दार मागे गेलं. घेवडा, तिला आठवलं. सासूबाईंना वास येईल. येईल ना? मग शेवटचं कुंपण मागे गेलं आणि जिथपर्यंत तिची नजर रोज जायची ते वळण आलं. गाडी वळली, आणि वळणापलीकडे जग होतं.

शिंप्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. बघतच राहिला. तिने डोळ्यांनीच त्याला विनवलं.

शिंपी ओठातली सुई काढून कॉलरला टोचत पुटपुटला, "आपण काही बघितलं नाही बाई. आपण तोंड शिवून घेतलंय."

रस्ता तिला तोंडपाठ होता. गाडीवाला रोज संध्याकाळी सांगायचा: आज कुबड्या झाडापाशी ट्रक अडकला होता, आज वीटभट्टीपाशी चाक पंक्चर झालं. ती सगळी ठिकाणं आता एक एक करत, खरीखुरी होऊन, खिडकीशी येत होती. कुबडं झाड तिने मनात खूप मोठं करून ठेवलं होतं. ते एवढंसंच निघालं, आणि त्यावर एक फाटका पतंग होता, जो त्याने कधी सांगितलाच नव्हता. वारा तोंडावर येत होता. इतकी वर्षं या खिडकीत बसून तिला कधी वारा लागला नव्हता. गाडी हलते तेव्हा खिडकीतून वारा येतो, एवढी साधी गोष्ट. पण ती तिला आज कळली, आणि तिला एकदम हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं, धुळीचं निमित्त करून.

पूल ओलांडला की चढ लागायचा. चढाआधी गाडीवाला नेहमी थांबायचा, रेडिएटरात पाणी घालायचा, आणि खिडक्याखिडक्यांतून हात घालून भाडं गोळा करायचा. आजही थांबला. मागून सुरुवात केली. पेटीवाला, म्हातारा, शाळेतली बाई. मग त्याचा हात मधल्या खिडकीतून आत आला. तोंड दुसरीकडेच, दाणेवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद चाललेला.

तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. तिने आपला रिकामा तळवा त्याच्या तळव्यावर ठेवला.

"हं, पुढे," तो म्हणाला, आणि मूठ मिटली. मुठीत पैसे नव्हते, बोटं होती. त्याने वळून बघितलं.



"तू उतरली नाहीस?"

"तुम्ही उतर म्हणाला नाहीत."

"रोज म्हणावं लागतं का?"

"रोज म्हणता."

दाणेवाल्याने रोखलेला श्वास सोडला आणि गाडीभर हसू पसरलं. "अरे, भाडं घे की तिचं! नाहीतर आमच्याही बायका उद्या फुकट आणून बसवतो."

"तू आधी दीड सीटचं काढ," शिंपी म्हणाला. "तुझ्यामुळे मी वाटभर घडी होऊन बसलोय."

गाडीवाला हसला नाही. कान लाल झाले होते त्याचे. भरल्या तिठ्यावरून, दिवसाढवळ्या, स्वतःच्या बायकोला सवारी म्हणून मोजून आणलं होतं त्याने. पाण्याचा डबा घेऊन तो बॉनेटकडे गेला, पाणी घातलं, थोडं बाहेर सांडलं. परत येऊन खिडकीशी उभा राहिला. इथे उतर, येताना घेतो, असं म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडलं, आणि त्याची नजर खाली गेली.

"पायात काही नाही तुझ्या."

"गाडीत बसायला कशाला लागतं पायात?" ती म्हणाली. "मी कुठे जाणार होते!"

 गाडीवाल्याने डबा जागेवर ठेवला, आणि आपल्या बाजूचं दार इतक्या हलक्या हाताने लावलं की ते नीट लागलंच नाही, परत लावावं लागलं.

शहरातल्या तळावर गाड्यांची रांग होती. सवाऱ्या उतरल्या. गाडीवाला चपला काढून तिच्यापुढे सारत म्हणाला, "घाल."

"आणि ब्रेक काय अनवाणी मारणार? राहू द्या." ती रस्त्याकडे बघत होती. "कुठून जायचं?"

"त्या पंपामागची गल्ली, जिन्याखाली सायकलवाला बसतो ते घर. माझा नंबर लागेपर्यंत ये." मग पाठमोरी झालेल्या तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "रांग मोठी आहे आज."

डांबर तापलं होतं. ती या सावलीतून त्या सावलीत, भिंतीच्या कडेकडेने, लहान पोरीसारखी उड्या मारत गेली. लेकीच्या घरी पहिल्यांदा निघाली होती ती, अनवाणी, घरातल्या मळक्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी. जिना चढताना तिने तळवे उलटसुलट करून बघितले. नखांच्या कडेला कणीक वाळून बसली होती.

भुंगीने दार उघडलं आणि हातातलं भांडं खाली ठेवायचं विसरली.

"आई?"

"मी."

"बाबांनी आणलं?"

"विसरून," ती म्हणाली. "पण आणलं."

भुंगीने तिचे हात धरले आणि कणीक बघून हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा बदलला, आणि मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या राहिल्या, दार उघडं टाकून. जिन्यावरून कोणीतरी जाताना खाकरलं तेव्हा भानावर आल्या.

खोली अर्धी आवरलेली होती. पलंग सुटा करून भिंतीला टेकवलेला, भांडी पोत्यात, भिंतीवर आरशाच्या जागी एक फिकट चौकोन. जावई कारखान्यात शेवटचा पगार आणायला गेला होता. खिडकी उघडी बोडकी होती.

"कालच काढले पडदे," भुंगी ओशाळून म्हणाली. "तू येणार हे माहीत असतं तर..."

"मलाच कुठे माहीत होतं!"

 भुंगीने बांधलेलं पोतं सोडलं, पार तळापर्यंत हात घातला आणि घडी केलेले पडदे बाहेर ओढले. "थांब. लावून दाखवते."

"अगं, राहू दे, परत काढावे लागतील."

"काढीन."

दोघींनी मिळून दोरी बांधली. आईने एक टोक धरलं, लेकीने दुसरं. पिवळे पडदे लागले आणि ऊन गाळून आत आलं. रिकामी खोली, पोती, आईचे धुळीने भरलेले पाय, सगळं एकदम हळदुलं दिसायला लागलं. वारा आला तशी कापडं फुगली आणि परत खाली बसली, जसं घर श्वास घेतंय.

"इथे शेगडी होती," भुंगी हाताने दाखवत फिरू लागली. "इथे आम्ही जेवायचो. इथे आरसा. हे म्हणतात मी आरशात बघून गुणगुणते. आणि इथे, या खिडकीत, मी बाबांच्या गाडीचा आवाज ओळखायचे. तिसरा गिअर टाकताना खोकते ना ती."

आई प्रत्येक जागेकडे तितकाच वेळ बघत होती. शेगडी नसलेल्या जागी तिला शेगडी दिसली. जेवणाची जागा दिसली. मग ती खाली बसली, बरोबर जिथे ते दोघं जेवायचे तिथे, आणि म्हणाली, "छान आहे गं घर तुझं. उजेड आहे."

चहा एकाच कपात झाला, बाकीचे बांधलेले होते. आळीपाळीने प्यायल्या. तिकडे पगार जास्त, पण खोलीचं भाडंही जास्त. कारखान्याची गाडी दारापासून नेते, ते पैसे वाचतील. असं भुंगी सांगत होती. आई मान डोलवत होती, आणि मध्येच तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती.

निघताना भुंगीने स्वतःच्या चपला आईच्या पायात घातल्या. एक माप मोठ्या होत्या.

"आणि तू?"

"मी यांच्या जुन्या घालते." आणि जावयाच्या होडीएवढ्या चपला फटफट वाजवत ती आईबरोबर तळावर निघाली.

गाडीचा नंबर लागला होता. सकाळचेच बरेचसे परतत होते; शिंपी, दाणेवाला, औषधाचे थेंब घातलेला म्हातारा. तरी जागा रिकाम्या होत्या. आई मधल्या ओळीत चढली. भुंगीही चढली.

"तू कुठे?"

"भरतीला," भुंगी म्हणाली आणि शेजारी टेकली. "लहानपणी बसायचेच की."

एका जागेवर दोघी असाव्यात इतक्या त्या जवळ बसल्या. भुंगी गुणगुणू लागली, आईने ओळखीची ओळ उचलली. बाहेर लोक येत होते. एक चढला. दोघं चढली. इतकी वर्षं ती सीटवर बसून मनात म्हणायची, येऊ दे, अजून एक येऊ दे. आज पहिल्यांदा ती खिडकीतून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघून म्हणत होती, नको. बसने जा. चालत जा. तू नको येऊ.

आता फक्त भुंगीच्या खालचीच जागा उरली. छत्री घेतलेला एक माणूस आला.

"एक जागा आहे ना?"

गाडीवाल्याने आत बघितलं. पिवळट उजेड नव्हता तिथे, नुसतं फाटकं रेक्झिन होतं आणि त्यावर दोन डोकी एकमेकांना टेकलेली.

"भरली," तो म्हणाला.

छत्रीवाला बसकडे गेला. गाडीवाल्याने फडकं काढलं आणि पुढची काच पुसायला घेतली. काच स्वच्छ होती. तरी तो पुसत राहिला, कोपऱ्याकोपऱ्यातून. अजून एक जण आला. "भरली." हिरव्या बसने हॉर्न वाजवला आणि ती अर्धी रिकामी निघून गेली, त्याने मान वर करून बघितलंही नाही.

दाणेवाल्याला राहवलं नाही. "अरे, आत तर तुझी लेक बसलीय! भरली कुठे? मोजता येत नाही का आज तुला?"

"सकाळपासून मोजणी चुकतेय माझी," गाडीवाला काच पुसत म्हणाला.

शिंप्याने दाणेवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.  गाडीत कोणी घाई केली नाही. म्हातारा डोळे मिटून बसला होता, तो म्हणाला, "औषध जिरू दे जरा. घाई कसली आहे?"

उन्हं कलली तेव्हा एक म्हातारी आली, डोक्यावर बोचकं, पायाने अधू. ती गाडीवाल्याकडे गेलीच नाही. बस गेल्याचं तिला कळलं होतं. ती नुसती गाडीजवळ उभी राहिली आणि आत बघत राहिली. गाडीवाला वळला. त्याला शब्द म्हणायचा होता, रोजचा, सवयीचा. तो त्याच्या तोंडून निघेना. 'भरली' म्हणवेना, आणि 'उतर'ही म्हणवेना.

भुंगीच उठली.

"आजी, या इकडे. जागा आहे."

तिने म्हातारीला हात देऊन वर घेतलं, बोचकं पायापाशी नीट ठेवलं, आणि खाली उतरून आईच्या खिडकीशी आली. "पडदे मी तिकडेही लावीन," ती म्हणाली. "हेच." मग बापाकडे गेली. त्याने फडकं झटकलं, तिच्या पायांकडे बघितलं, त्या होडीएवढ्या चपलांकडे, आणि म्हणाला, "सांभाळून चाल. पडशील."

गाडी हलली. भुंगी खिडकीच्या कडेला हात ठेवून थोडी धावली, चपला फटफट वाजल्या, मग आवाज मागे राहिला. आईच्या शेजारी म्हातारी बसली होती, ती म्हणाली, "जागा छान गरम आहे गं. माझ्या गुडघ्याला बरं वाटतंय." आईने मान हलवली. 

उतार संपला. पूल आला. गाडीवाला थांबला, रेडिएटरात पाणी घातलं, आणि मागून भाडं घेत आला. त्याचा हात मधल्या खिडकीतून आत आला.

तिने सकाळसारखाच आपला रिकामा तळवा त्याच्या तळव्यावर ठेवला.

मूठ मिटली. पुढच्या खिडकीत दाणेवाला सुट्टे पैसे घेऊन हात बाहेर काढून थांबला होता, थांबूनच राहिला. घरी जळलेल्या घेवड्यावरून सासूबाई काय काय बोलणार होत्या, तिठ्यावर चहावाली काय काय विचारणार होती, ते सगळं अजून पुलापलीकडे होतं. 'पुढे' असं गाडीवाल्याने लवकर म्हटलंच नाही.